वाढत्या मुलांची भूक आणि मधल्या वेळचे खाणे

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासन विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपणांस जमाखर्च सादर करतो. खाटा किती, शस्त्रक्रिया किती, निधी किती आला आणि कोठे खर्च झाला, हे सारे अहवालाच्या पुढील पानांवर तपशीलवार दिलेले आहेच. आज आपल्या परवानगीने एका निराळ्या हिशेबाविषयी बोलावयाचे आहे. हा हिशेब घरोघरी रोज सायंकाळी चार ते आठच्या दरम्यान मांडला जातो आणि बहुधा तोट्यात जातो. वाढत्या वयाच्या मुलामुलींना त्या वेळी लागणारी भूक आणि त्या भुकेपुढे आपण ठेवतो ते खाणे, हा तो विषय. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकातले फार कळते असा आमचा दावा नाही. परंतु आमच्या आहारतज्ज्ञ भगिनींकडून आणि बालरोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, आणि परिचारिका विद्यालयाच्या वसतिगृहाचा कोठीखर्च सांभाळताना जे डोळ्यांनी पाहिले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट अशी की ही भूक खरी असते. "आत्ताच तर जेवलास, पोटात राक्षस शिरला आहे का?" हे वाक्य आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे आणि मोठेपणी उच्चारलेही आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या आहारगरजांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाची रोजची गरज २,११० किलोकॅलरी धरलेली आहे, आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची ३,३२०. म्हणजे कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या वडिलांपेक्षा अकरावी-बारावीतल्या चिरंजीवांना रोज बाराशे किलोकॅलरी अधिक लागतात. मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाचा आकडासुद्धा २,७१० च आहे. मुलींचेही तसेच. बैठे काम करणाऱ्या स्त्रीस १,६६०, तर सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीस २,५००. आईने स्वतःच्या ताटाकडे पाहून मुलीचे ताट वाढले तर ते अपुरे पडणारच. हे आकडे चालणे, खेळणे, सर्वसाधारण हालचाल धरून काढलेले आहेत. दिवसभर मोबाईलसमोर बसणाऱ्यास तितके लागणार नाही, हे ओघाने आलेच.

इतके अन्न जाते कोठे, असा प्रश्न आजी-आजोबांना पडतो. मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंचीची झेप सर्वांत मोठी असते. त्या एका वर्षात मुलगा आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. जूनमध्ये घेतलेली विजार दिवाळीला घोट्याच्या वर जाते. हाडे, स्नायू, रक्त यांची ही सर्व उभारणी त्याच अन्नातून व्हावयाची असते. व्यवहाराच्या भाषेत बोलावयाचे तर हा भांडवली खर्च आहे. त्याची तरतूद या सहा-सात वर्षांतच करावी लागते, पुढे तशी संधी येत नाही.

आता वेळापत्रक पाहू. दहावीतला मुलगा दुपारी एकच्या सुमारास डबा खातो. शाळा, मग शिकवणी, शिकवणीहून घरी, आणि रात्रीचे जेवण नऊ-साडेनऊला. म्हणजे दिवसातील सर्वांत मोठा रिकामा काळ नेमका सर्वांत भुकेल्या वयाच्या वाट्याला आलेला आहे. शासकीय व अनुदानित शाळांत मिळणारा माध्यान्ह आहार, ज्याचे २०२१ पासूनचे नाव पीएम पोषण असे आहे, तो आठवीपर्यंतच आहे. नववीत पाऊल टाकताच ताट बंद होते आणि भूक मात्र तेव्हाच उधाणाला आलेली असते. ज्या घरांतून दोघेही कामावर जातात, तेथे हा मुलगा चार-पाच वाजता कुलूप उघडून आत येतो आणि डबे उघडू लागतो. त्या पहिल्या पाच मिनिटांत जे हाताशी लागते तेच खाल्ले जाते. आमच्या साऱ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

बहुतेक घरांत हाताशी काय असते? बिस्किटांचा पुडा, फरसाण, नूडल्सचे पाकीट. मैदा, साखर आणि तेल यांचे हे मिश्रण पोट भरल्यासारखे भासवते. पण त्यांत प्रथिने व चोथा अल्प असल्यामुळे ते लवकर ओसरते आणि तासाभरात मूल पुन्हा फडताळापाशी उभे राहते. आई म्हणते, याचे पोट आहे की विहीर. बिचाऱ्या पोटाचा यात काही दोष नसतो. चहा-बिस्किटाऐवजी त्याच मुलास वाटीभर हरभऱ्याची उसळ द्यावी. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याचा आवाज येत नाही. प्रथिने आणि चोथा पचण्यास वेळ घेतात, एवढे साधे कारण त्यामागे आहे.

पैशांचा हिशेब तर आमच्या जिव्हाळ्याचा. वेफर्सची दहा रुपयांची पुडी स्वस्त वाटते. तिच्या पाठीमागे बारीक अक्षरांत निव्वळ वजन छापलेले असते, ते एकदा चष्मा लावून वाचावे. ते पंचवीस ग्रॅम असेल, तर किलोचा भाव चारशे रुपये झाला. या भावाने बटाटा आपण मंडईत कधी घेऊ काय? फुटाणे व शेंगदाणे यांचा किलोचा भाव त्याच्या निम्म्यापेक्षाही खाली असतो आणि शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २२ ग्रॅम, तर शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. वेफर्समध्ये ती सहा-सात ग्रॅमच्या आसपास भरतात. तेच पैसे देऊन तिपटीहून अधिक माल मिळत असता व्यापारी मनुष्य कोणता माल उचलील, हे या सभागृहातील व्यापारी बंधूंना आम्ही सांगावयास नको.

आता आमच्या वसतिगृहाविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची मुभा असावी. आपल्या परिचारिका विद्यालयात सतरा-अठरा वर्षांच्या मुली शिकतात. त्यांतील पुष्कळ जणी आसपासच्या खेड्यांतून आलेल्या. वॉर्डातील प्रात्यक्षिक सकाळी लवकर सुरू होते, दुपारी तासिका असतात, आणि चार वाजता त्या वसतिगृहात परततात. चार वाजता चहा आणि बिस्किटे देण्याची पद्धत फार पूर्वीपासून चालत आली होती. कोठीच्या वहीत हा खर्च अतिशय आटोपशीर दिसे. परंतु आमच्या आचाऱ्यांनी एक बाब लक्षात आणून दिली. सायंकाळी मुली फाटकाबाहेरच्या गाडीवर स्वतःच्या पैशांनी वडापाव, भजी खाऊन येत, आणि रात्री भाजी-भाकरी पातेल्यात उरे. घरून येणारे मोजके पैसे मुलींच्या हातून जात होते आणि आपले शिजलेले अन्न वाया जात होते. एकाच व्यवहारात दोन्ही पक्षांना तोटा, असा प्रकार क्वचितच पाहावयास मिळतो.

मेट्रनबाई व आहारतज्ज्ञ भगिनी यांच्या सल्ल्याने चार वाजताचे खाणे बदलावयाचे ठरले. आरंभी मोड आलेले कच्चे मूग, काकडी, टोमॅटो असे ठेवले. ते पौष्टिक होते यात शंका नाही. मात्र ते बहुतेक तसेच राहिले. भुकेल्या माणसास गरम, तिखट-मीठ लागलेले, फोडणी दिलेले अन्न हवे असते, हे पाकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा आमच्या आचाऱ्यांना अधिक ठाऊक होते. त्याच मुगांची कांदा-लसूण घालून उसळ केली, वर लिंबू पिळले, तेव्हा पातेले घासून पुसून रिकामे झाले. नाचणीच्या आंबिलीस कोकणातल्या मुलींखेरीज कोणी हात लावला नाही. त्याच नाचणीचे कांदा-मिरची घातलेले धिरडे मात्र तव्यावरून उतरण्याची वाट पाहिली जाऊ लागली. भाजणीचे थालीपीठ, फोडणीची पोळी, उकडलेली अंडी, हंगामात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, असे दिवस ठरत गेले. अंडी न खाणाऱ्या मुलींसाठी त्या दिवशी फुटाणे व गूळ.

आणखी एक गोष्ट घडली, ती आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. भोजनगृह इमारतीच्या मागील बाजूस आहे. तेथपर्यंत जाण्याआधी मुली खोलीत जात, आडव्या होत, आणि मग फाटकाकडे वळत. मेट्रनबाईंनी उसळीचे पातेले उचलून प्रवेशद्वाराशी, हजेरीच्या रजिस्टराशेजारी ठेवविले. सही करावयाची आणि वाटी उचलावयाची. अन्न तेच, वेळ तीच, केवळ जागा बदलली. आणि फाटकाबाहेरच्या गाडीचे गिऱ्हाईक घटले. त्या गाडीवाल्या बंधूंविषयी आमच्या मनात काही आकस नाही. मैत्रिणींसोबत एखाद्या दिवशी वडापाव खाणे हा तरुण वयाचा हक्कच आहे. रोजची भूक मात्र त्यावर सोपवू नये.

खर्चाचे म्हणाल तर चार वाजताचा खर्च वाढला, रात्रीचे उरणारे अन्न कमी झाले, आणि वर्षअखेरीस फरक फारसा राहिला नाही. जो राहिला तो एका देणगीदार बंधूंनी, नाव जाहीर न करण्याच्या अटीवर, शेंगदाणे व हरभऱ्यांच्या पोत्यांच्या रूपाने भरून काढला. शस्त्रक्रियागृहावर लावावयाच्या नामफलकासाठी देणगी मिळणे तुलनेने सोपे असते. हरभऱ्याच्या पोत्यावर फलक लागत नाही. म्हणून त्यांचे ऋण येथे मुद्दाम नमूद करीत आहोत.

घरी हे कसे साधावे? आमच्या आहारतज्ज्ञ भगिनी पालकांना सांगतात की पाककृती नंतर, आधी तयारी. सकाळी कामावर निघताना मूठभर हरभरे किंवा मटकी भिजत घालावी आणि दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाबरोबर शिट्ट्या करून ठेवावी. फोडणी पंधरा वर्षांच्या मुलासही देता येते, किंबहुना त्याने ती द्यावीच. डाळ-तांदळाचे वाटलेले पीठ फ्रिजमध्ये असले की घावन, धिरडे दहा मिनिटांत होते. दाण्याचा कूट, मेतकूट, दही घरात असावे. काल रात्रीची पोळी त्यांच्या संगतीत उत्तम लागते. दोन अंडी उकडली की बारा-तेरा ग्रॅम प्रथिने झाली. कोल्हापूर-सांगलीकडील भडंग, चुरमुऱ्याची भेळ हे हलके पदार्थ. त्यांत मूठभर शेंगदाणे व फुटाणे सढळ हाताने घातले तरच ते पोटात टिकतात. शेंगदाणे निवडून घ्यावेत; बुरशी लागलेला, खवट वा कडू दाणा फेकून द्यावा, त्यात काटकसर नको. साबुदाण्याविषयी आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचा रोष पत्करून सांगतो की तो जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. खिचडीने पोट भरते ते त्यातील दाण्याच्या कुटामुळे आणि तुपामुळे. उपवासाच्या दिवशी वाढत्या मुलांना राजगिऱ्याचा लाडू, दूध, रताळे ही सोबत अवश्य द्यावी. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ज्या घरी दूध परवडत नाही किंवा मुलास रुचत नाही, तेथे ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मुलींविषयी वेगळे बोलणे भाग आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पंधरा ते एकोणीस वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आमच्या बाह्यरुग्ण विभागात या वयाच्या मुली चक्कर येते, धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही अशा तक्रारी घेऊन येतात. रक्त तपासले की कारण समोर येते. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीची लोहाची रोजची गरज ३२ मिलिग्रॅम धरलेली आहे, प्रौढ पुरुषाची १९. तरीही पुष्कळ घरांत उसळीतले दाणे मुलाच्या वाटीत आणि रस्सा मुलीच्या वाटीत पडतो. हे कोणी दुष्टपणे करीत नाही, हात सवयीने तसा वळतो. त्या सवयीकडे घरातील पुरुषांनीही पाहावे, अशी आमची विनंती आहे.

डाळी-कडधान्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व त्यास मदत करते आणि चहा त्यास अडथळा करतो. म्हणून उसळीवर लिंबू हवे, आणि चहा खाण्याच्या आधी वा नंतर किमान एक तास दूर हवा. आमच्या वसतिगृहात चहा साडेपाचला गेला. या एका निर्णयावर जितकी कुरबूर झाली तितकी इतर कशावरही झाली नाही. तसेच शेंगदाणा-गुळाने, बिटाने रक्त वाढते या समजुतीवर फार विसंबू नये. लाडू उत्तम आहे, पण रक्तक्षय एकदा जडल्यावर तो केवळ लाडवाने भरून येत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. शाळांतून आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी मुली दप्तरात टाकून घरी आणतात आणि ती तेथेच राहते. दप्तर तपासावे.

बाजाराविषयी दोन शब्द. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अतिरिक्त मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. एक्कावन्नाव्या मीटरवर काय असते ते आपण पाहतोच. दुधात घालावयाच्या गोड भुकट्यांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकले जात असे. त्या नावाची कोणतीही व्याख्या आपल्या अन्नकायद्यात नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना तो वर्ग काढून टाकण्यास सांगितले. व्यायामशाळेत जाणारी मुले प्रथिनांच्या महागड्या डब्यांसाठी हट्ट धरतात. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची प्रथिनांची रोजची गरज ५५ ग्रॅमच्या आसपास सांगितली आहे. दोन अंडी, पेलाभर दूध, वाटी-दोन वाट्या उसळ, मूठभर दाणे आणि नेहमीची पोळी-भाजी-वरण यांत ती भागते. डबा विकत घेण्यापूर्वी ही बेरीज मुलाकडूनच करून घ्यावी.

एक इशारा मात्र अत्यंत गांभीर्याने द्यावयाचा आहे, आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तो वगळू नये असे बजावले आहे. भूक भरपूर, पण वजन घटत चालले आहे. सतत तहान, वारंवार लघवी, रात्रीही उठावे लागते. मूल मलूल दिसते, अशी लक्षणे असतील तर ही वाढीची भूक नव्हे. हा मुलांमधील मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बोटाच्या टोकावरील थेंबभर रक्ताने काही क्षणांत निदानाची दिशा मिळते आणि इन्शुलिन वेळेवर मिळाल्यास मूल वाचते. आमच्या अपघात व तातडीच्या विभागात ही तपासणी अहोरात्र उपलब्ध आहे आणि पैशांअभावी ती कोणासही नाकारली जात नाही. हे आपल्या देणग्यांमुळेच शक्य होते. तसेच एखादी मुलगी वजनाच्या भीतीने भूक मारू लागली, जेवण टाळू लागली, तर तिला रागावण्यापेक्षा आमच्या समुपदेशक भगिनींकडे आणावे. अंगाने जाड असलेल्या मुलासही भूक लागतेच. त्याचे चार वाजताचे खाणे बंद करू नये. शीतपेये, बेकरीचे पदार्थ थांबवावेत आणि उसळीची वाटी तशीच चालू ठेवावी.

विश्वस्त मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. वॉर्डाबाहेरच्या बाकांवर रुग्णांची मुले, भावंडे दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असतात. आई किंवा वडील आत दाखल आहेत, घरी स्वयंपाक करणारे कोणी नाही, आणि ही मुले उपाहारगृहातून क्रीमची बिस्किटे घेऊन संध्याकाळ काढतात. वसतिगृहासाठी जी उसळ शिजते तीच थोडी वाढवून चार ते सहा या वेळात या मुलांना वाटीभर विनामूल्य द्यावी, असा प्रस्ताव पुढील बैठकीच्या कार्यपत्रिकेत ठेवला आहे. खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. एका पातेल्याच्या जागी दोन पातेली लागतील. आचारी तयार आहेत.

सभागृहाच्या मागील बाजूस आहारतज्ज्ञ भगिनींनी नाचणीची धिरडी आणि मटकीची उसळ करून ठेवली आहे. आपण सर्वांनी तिचा आस्वाद घ्यावा. मोड आणण्याची आणि भाजणीची प्रमाणे लिहिलेली पत्रके तेथेच मिळतील. चहा अर्थातच तासाभराने आहे.